सल्ला: घोडी घेऊन पहिल्यांदाच नेचर प्रिझर्व्हच्या ट्रेलवर जायचंय, नेऊ की नको?

पत्र असं आलंय: "ताई नमस्कार. माझ्याकडे नऊ वर्षांची घोडी आहे, चार वर्षं झाली पण मी तिच्यावर फक्त रिंगणातच बसलेय. आमच्या पागेपासून गाडीने तासाभरावर एक नेचर प्रिझर्व्ह आहे आणि तिथल्या काही ट्रेलवर स्वतःचा घोडा आणायला परवानगी आहे. माझी मैत्रीण तिचा घोडा घेऊन नेहमी जाते, ती म्हणते त्यात काय एवढं, ट्रेलरमध्ये चढव आणि चल या शनिवारी. पण माझी घोडी रिंगणातली खुर्ची जागेवरून हलवली तरी बुजते. त्यात माझा भाऊ पक्षी बघायला तिथे जातो, तो म्हणतो तुम्ही घोडेवाले तिथली पार वाट लावता. मला खरं तर दोघांचंही पटतंय. नेऊ की नको? नेलं तर काय काय बघायचं? मी वयाने लहान आहे, अगं-तुगं केलंत तर आवडेल."

अगं ने, नक्की ने. फक्त या शनिवारी नको. दीड-दोन महिने हातात घे आणि पहिल्या खेपेला राइड झालीच पाहिजे असं मनात धरून जाऊ नकोस. दोघांचंही पटतंय असं तू लिहिलंयस ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण ज्यांना फक्त मैत्रिणीचं पटतं ते लोक ओल्या ट्रेलवर घोडे दौडवतात, पार्किंगमध्ये लिदीचे ढीग टाकून जातात आणि मग एक दिवस गेटवर घोड्यांना बंदी असा बोर्ड लागतो, तो बोर्ड मग तुझ्यासारख्या नीट वागणाऱ्या पोरींनाही लागू होतो. ही परवानगी कधीही काढून घेता येते गं, ती जागा मुळात पक्ष्यांसाठी, झाडांसाठी, तिथल्या ओढ्यासाठी राखलेली आहे, आपल्याला तिथे येऊ देतात एवढंच.

म्हणून आधी भावाचं बोलू. तो उगाच बोलत नाहीये. साधारण पाचशे किलोचं जनावर चार छोट्या खुरांवर उभं असतं, आणि चालताना तर एका वेळी दोन-तीनच खूर जमिनीवर असतात, म्हणजे सगळं वजन तेवढ्याशा जागेत. कोरड्या कडक वाटेवर त्याचं काही वाटत नाही पण पाऊस पडून गेल्यावर मातीत खूर वितभर आत जातो आणि ती माती वाळली की तो खड्डा तसाच राहतो, त्यात पाणी साठतं, पुढचा माणूस ते टाळायला कडेच्या गवतावरून जातो, मग सायकलवाला त्याच्याही कडेने, आणि पायवाटेचा बघता बघता गाडीरस्ता होतो. म्हणून नियम साधा ठेव, वाट ओली असेल तर जायचंच नाही, ट्रेलर जोडून झाला असला, मैत्रीण वाट बघत असली तरी. आणि कोरड्या दिवसातही मध्ये एखादं डबकं लागलं तर त्याला वळसा घालायचा नाही, त्याच्या मधूनच चालत जायचं. हे ऐकायला सोपं वाटतं पण रिंगणातल्या घोडीला डबक्यात पाय टाकायला लावणं हे एक वेगळंच काम आहे, ते घरी शिकव, पाइपने पाणी सोडून छोटं डबकं कर आणि तिला रोज त्यातून ने.

दुसरं म्हणजे बिया. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घोड्याने खाल्लेल्या चाऱ्यातल्या कितीतरी बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात आणि लिदीच्या खतावर मस्त उगवतात, आणि पोटातून बाहेर यायला त्यांना दोन ते चार दिवस लागतात. म्हणजे तू आज पागेत जे गवत घातलंस त्यातलं तण परवा प्रिझर्व्हमध्ये पडतंय. म्हणून काही ठिकाणी तणाच्या बिया नसलेला प्रमाणित चाराच आणा असा नियम असतो आणि तो आदल्या तीन-चार दिवसांपासून घालायला सांगतात. तुझ्या इथे नियम नसला तरी तू पाळ. पण एक लक्षात ठेव, चारा एकदम बदलायचा नाही, घोड्याचं पोट फार नाजूक असतं आणि अचानक बदलाने कॉलिक, म्हणजे जोराची पोटदुखी, होऊ शकतं, तर आठ-दहा दिवस आधीपासून थोडा थोडा नवीन मिसळत ने. निघायच्या सकाळी नीट खरारा कर, आयाळीत शेपटीत अडकलेली कुसळं काढ, चारही खूर कोरून साफ कर. खुराच्या तळव्यात माती दाबून बसलेली असते ना, त्यातही बिया असतात.

आणि तिसरं झाड. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगते. मी नवीन नवीन ट्रेलवर जायला लागले तेव्हा एकदा ओढ्याकाठी थांबलो, मी घोड्याला एका मनगटाएवढ्या खोडाच्या झाडाला बांधलं आणि आम्ही गप्पा मारत बसलो. चाळीस मिनिटं असतील. परत आले तर घोड्याने कंटाळून पुढच्या टापेने सगळी माती उकरून ठेवलेली, झाडाची मुळं उघडी पडलेली, काहींची साल निघून आतलं पांढरं दिसत होतं, आणि खोडाभोवती दोरी घासून घासून ओला पट्टा पडला होता. तिथली देखरेख करणारी बाई आली, मला एक शब्द बोलली नाही, खाली बसून हातांनी माती परत मुळांवर लोटायला लागली. मी पण बसले तिच्याबरोबर. झाडाने तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं, ती साल पूर्ण गोल सोलली गेली की मुळं उपाशी राहतात आणि झाड मरतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी झाडाला घोडा बांधलेला नाही. जिथे घोडे बांधायला लाकडी दांडी ठेवलेली असते तिथेच बांधायचं, नाहीतर ट्रेलरला, नाहीतर हातात धरून उभं राहायचं. मुक्काम वगैरे करणारे लोक दोन जाड झाडांना रुंद पट्टे लावून डोक्याच्या वर दोरी ताणतात आणि तिला घोडे बांधतात, पण ते तुला आत्ता नको आणि परवानगी असेल तिथेच करायचं असतं.

लिदीचं पण सांगून टाकते कारण तू विचारलं नाहीस पण भाऊ विचारेल. घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो. त्यातली बऱ्यापैकी ट्रेलरमध्ये आणि उतरल्या उतरल्या पडते, प्रवासाने तसं होतंच. फावडं आणि जाड पिशवी गाडीत ठेव आणि पार्किंगमधली सगळी लीद, सांडलेलं गवत सगळं परत घेऊन ये. ट्रेलवर पडली तर तिथला नियम काय ते विचार, काही ठिकाणी उतरून वाटेवरून बाजूला सारली की चालतं, काही ठिकाणी तीही उचलून न्यावी लागते. पाण्याजवळ मात्र अजिबात सोडायची नाही.

आता तुझं पहिलं काम. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिथे जा, घोडीशिवाय. मी हे सगळ्यांना सांगते आणि दहातले आठ जण करत नाहीत. तो ट्रेल पूर्ण पायी चाल. ट्रेलर घेऊन आत गेल्यावर वळवायला जागा आहे का, की रिव्हर्स घेत बाहेर यावं लागेल, घोडा उतरवायला मागे मोकळी जागा राहते का की दुसऱ्या गाड्या येऊन चिकटतात ते बघ. वाटेत फळ्यांचा पूल आहे का, असेल तर त्यावर पाय आपटून आवाज कसा येतो ते ऐक, घोडीला तो आवाज तिच्या स्वतःच्या पायाखालून येणार आहे. आंधळी वळणं कुठे आहेत, सायकली चालतात का, गेट किती आहेत आणि ती घोड्यावर बसून उघडता येतील का की उतरावं लागेल, आणि उतरलीस तर परत चढायला एखादा ओंडका किंवा चढाची कड जवळ आहे का. गेट जसं असेल तसंच ठेवायचं, उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं.

तिथल्या ऑफिसमध्ये पण जा आणि बोल. फोनवर नको, समोर जाऊन. परमिट लागतं का, एका वेळी किती घोडे, पाऊस झाल्यावर ट्रेल किती दिवस बंद ठेवतात, घरट्यांच्या दिवसात कोणता भाग बंद असतो. आणि घोडीचे कागद कोणते लागतात. बऱ्याच ठिकाणी कॉगिन्स टेस्ट निगेटिव्ह असल्याचा कागद मागतात, ही रक्ताची टेस्ट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे आणि ती इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या आजारासाठी असते. तो आजार चावणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत एका घोड्याच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो, त्यावर इलाज नाही आणि एकदा लागण झाली की घोडा आयुष्यभर तो विषाणू बाळगतो, म्हणून जिथे वेगवेगळ्या पागेतले घोडे एकत्र येतात तिथे लोक याबाबतीत कडक असतात आणि असायलाच हवं. काही ठिकाणी व्हेटने दिलेलं आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. तुझ्या व्हेटला आत्ताच सांगून ठेव कारण लॅबचा रिपोर्ट यायला वेळ जातो.

आता घोडीकडे येऊ. खुर्ची हलवली की बुजते म्हणजे ती वेडी नाही आणि तुझं काही चुकलंय असंही नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, तीनशे पन्नास अंशांच्या आसपास, फक्त कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीच्या बरोबर मागे दिसत नाही. त्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही. आणि उन्हातून सावलीत गेल्यावर आपले डोळे जितक्या लवकर सरावतात तितके त्याचे सरावत नाहीत, म्हणून झाडीच्या तोंडाशी घोडा अडतो तेव्हा तो हट्ट करत नसतो, त्याला खरंच आत काय आहे ते अजून दिसत नसतं. अशा वेळी लगाम थोडा सैल सोड, तिला मान वर-खाली करू दे, दोन श्वास थांब, मग एक पाऊल. मागून टाच मारत राहिलीस तर तिच्या डोक्यात एवढंच बसेल की सावली आली की मार बसतो.

या दीड-दोन महिन्यात तिला एकच गोष्ट नीट शिकव, उभं राहायला. खरंच, दौड नको, उड्या नकोत, उभं राहणं. ट्रेलवर घोड्याचा निम्मा वेळ उभं राहण्यात जातो, माणसं जाऊ द्यायची, सायकली जाऊ द्यायच्या, गेट उघडायचं, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळायचा, मैत्रिणीची रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, तुटली की थांबायचं. तिला बांधून वीस मिनिटं उभी कर, मग चाळीस, मग तास, तू नजरेआड जा आणि परत ये. तू वर चढताना एक पाऊलही पुढे टाकलं तर उतर आणि पुन्हा. मग कोणालातरी सायकल घेऊन मागून येऊ दे, आधी बोलत, मग न बोलता. छत्री उघड, प्लास्टिकची ताडपत्री जमिनीवर टाक, पाठीवर मोठी बॅग घेतलेला माणूस फिरव, कारण पाठीवर कुबड आल्यासारखा दिसणारा माणूस घोड्याला माणूस वाटतच नाही. आणि ती खुर्ची रोज वेगळ्या जागी ठेव. घोड्याला जागा पाठ असते, त्या जागेतली वस्तू हलली की त्याला धोका वाटतो, रोजच हलत राहिली की मग त्यात नवल उरत नाही.

याबरोबर एका लगामाने थांबवणं दोन्ही बाजूंनी पक्कं कर, म्हणजे एकच लगाम हळूहळू आखूड करत मान बाजूला वळवायची, मागचे पाय बाजूला पडेपर्यंत आणि घोडी थांबेपर्यंत, आणि थांबली की लगेच सैल सोडायचं. हे चालीत शिक, मग दुडकीत. उधळल्यावर पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही, वेगात असताना एकदम मान ओढली तर घोडी पडू शकते, आणि अरुंद उताराच्या वाटेवर तर हे करायचंच नाही, तिथे उधळायच्या आधीच तिला ओळखून थांबवायचं किंवा सरळ उतरून हाताने न्यायचं. उतरण्यात काही कमीपणा नाही. चांगले चांगले लोक उतरतात.

दम पण तयार करावा लागेल. रिंगणातली सपाट वाळू आणि डोंगराचा चढ यात फार फरक आहे. तिच्या जबड्याच्या खालच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवलीस तर पेन्सिलएवढी नस बोटाखाली सरकते, ती हाडावर हलकेच दाब आणि पंधरा सेकंद ठोके मोज, त्याला चारने गुण. शांत उभी असताना अठ्ठावीस ते चव्वेचाळीसच्या मध्ये यायला हवं. रोज मोज म्हणजे तिचा आकडा तुला पाठ होईल. मग चढाचं काम केल्यावर दहा-पंधरा मिनिटं विसावा दिल्यावर परत मोज, साठ-चौसष्टच्या खाली आला नसेल तर आज तेवढं पुरे झालं. ट्रेलवर पाय आखडले, मागचा भाग दगडासारखा कडक झाला, चालायला नको म्हणाली किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर एक पाऊलही पुढे चालवायचं नाही, स्नायू मोडतायत त्याची ती खूण आहे, तिथेच थांबायचं आणि व्हेटला फोन. म्हणूनच फोन स्वतःच्या अंगावर ठेवायचा, खोगिराच्या पिशवीत नाही, घोडी तुला सोडून पळाली तर फोन पण तिच्याबरोबर जातो. खोगिराला तुझा नंबर लिहिलेली चकती मात्र लाव. आणि हेल्मेट, त्यावर मी चर्चा करत नाही.

ट्रेलरचं म्हणशील तर आठवडाभर नुसतं चढव-उतरव कर, कुठेही न जाता, आत थोडं खाऊ दे आणि परत बाहेर. गाडीचे टायर, ट्रेलरचे टायर, दिवे, हुक बघणं तर आलंच पण आतली जमिनीची फळी मॅट उचलून बघ, लघवीने खालून कुजते आणि वरून कळत नाही. आणि बांधायचा क्रम पाठ कर कारण यात माणसं जखमी होतात. चढवताना आधी घोड्याच्या मागची आडवी दांडी लावायची, मग डोकं बांधायचं. उतरवताना उलट, आधी डोकं सोडायचं, मगच मागची दांडी आणि दार. डोकं बांधलेलं असताना मागे मोकळं झालं तर घोडा मागे ओढायला लागतो, दोरी ताणली की घाबरतो, घाबरला की अजून ओढतो, आणि मग मान, डोकं, तुझी बोटं, सगळंच. गाडी चालवताना ब्रेक लवकर आणि हळू दाब, वळणावर एवढं सावकाश की मागे कोणी हॉर्न वाजवला तरी चालेल. पोचल्यावर तिला बंद ट्रेलरमध्ये उन्हात ठेवून परमिट घ्यायला जायचं नाही, खिडक्या उघड आणि जमलं तर एक जण जवळ थांबा.

तिथे ट्रेलरला बांधताना ट्रेलर गाडीला जोडलेलाच असू दे. गाठ घोडीच्या पाठीच्या उंचवट्याच्या वर, दोरी हातभर, एका ओढीत सुटेल अशी गाठ. खाली बांधलं तर पाय अडकतो. लगामाने कधीही बांधायचं नाही, म्हणून लगामाच्या खाली हॉल्टर, म्हणजे बांधायसाठी तोंडावर घालायचा पट्ट्यांचा साज, घालूनच ट्रेलवर निघ आणि दोरी खोगिराला गुंडाळून ठेव. बाकी सामान फार नको, खूर कोरायचा हुक, एक जाड पट्टी, छोटा चाकू, तिच्या मापाचा रबरी बूट नाल निघाला तर, तुझं पाणी. नालबंदाला मात्र आठवडाभर आधी बोलव, आदल्या दिवशी नको, नवीन नालात काही खुपत असेल तर ते घरी कळू दे.

पहिल्या दिवशी कमी गर्दीचा वार निवड. मैत्रीण आली तर उत्तमच, तिचा घोडा सरावलेला असेल तर तुझी घोडी त्याच्याकडे बघून निम्मी शांत होईल, पण तिच्याशी आधीच स्पष्ट बोलून घे की आज चाल तुझ्या घोडीची. उतरव, हाताने वीस मिनिटं फिरव, बोर्ड बघू दे, कचऱ्याचा डबा बघू दे. खिंकाळत राहिली, गोल गोल फिरत राहिली, घाम फुटला तर ती शांत होईपर्यंत फिरव आणि मग परत चढव आणि घरी. हा फुकट गेलेला दिवस नाही, हीच तिची पहिली ट्रेल राइड. शांत असेल तर बस आणि अर्धा तास जा, त्याच वाटेने परत ये, सगळं चालीत. परतीला घोडे घराकडे ओढतात म्हणून शेवटचा टप्पा कायम चालीतच, पहिल्या दिवसापासून, म्हणजे ती सवयच लागत नाही.

समोरून माणसं आली की तू आधी बोल. नमस्कार कर, ती माणसं उलट बोलली की घोडीला कळतं की हे माणूसच आहे. बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी घोड्याला वाट द्यायची असा नियम असतो पण म्हणून आपण अंगावर जायचं नाही. उताराची वाट असेल तर त्यांना खालच्या बाजूला उभं राहायला सांग, कारण घोडा बुजला तर वरच्या बाजूला सरकलेला बरा, आणि वर उभा असलेला माणूस त्याला झडप घालायला बसलेल्या जनावरासारखा दिसतो. ते थांबले की आभार मान, एवढं तर हवंच ना. घोड्यांमध्ये किमान एका घोड्याइतकं अंतर, आणि ज्याच्या शेपटीला लाल रिबीन आहे त्याच्यापासून जास्तच लांब, तो लाथ मारतो अशी ती खूण असते. ओढ्यावर सगळ्यांचे घोडे पाणी पिऊन होईपर्यंत पुढच्याने निघायचं नाही, नाहीतर मागचा अर्धवट पिऊन धावत सुटतो. ओढा ठरलेल्या उतारावरूनच ओलांडायचा. जमिनीत गांधीलमाशांचं पोळं असेल तर पहिला घोडा ते जागं करतो आणि चावतात मागच्यांना, तर कोणी ओरडलं की न विचारता सगळ्यांनी त्या जागेपासून लांब निघायचं.

वाटेत चरू द्यायचं नाही. एक तर तिथली झाडं राखण्यासाठीच ती जागा आहे आणि दुसरं, काही झुडपं घोड्याला जिवावर बेततात, कण्हेर आणि यू नावाचं सदाहरित झाड यांची थोडीशी पानंही मारू शकतात.

भावाला बरोबर घे गं. खरंच सांगते. पहिल्यांदा पायी जाशील तेव्हा त्याला ने आणि विचार की जमिनीवर घरटी करणारे पक्षी कुठे आहेत, कोणत्या दिवसात कुठे जाऊ नये. त्याला हे तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असणार. घोडीच्या पहिल्या दिवशीही त्याला पाठीवर बॅग घेऊन पुढे चालू दे, घोडी त्याला ओळखत असेल तर अजून छान. मी असं एका बापलेकींना करताना पाहिलंय, बाप दुर्बीण घेऊन पुढे, मुलगी घोड्यावर वीस पावलं मागे, तो हात वर करायचा की ही थांबायची, आणि घोडा शांत उभा असताना पक्षी उडत नव्हते, नुसत्या माणसाला बघून उडतात तितके तर नाहीच.

घरी आल्यावर तिचे पाय हाताने चाचपून बघ, गरम किंवा सुजलेलं काही आहे का, आयाळीच्या मुळाशी, जबड्याखाली, मांड्यांच्या आत गोचीड शोध, खूर परत कोर आणि ट्रेलरचे टायर धू, तिकडच्या बिया इकडे नकोत.

आणि पाणी घरूनच ने, चाळीसेक लिटर तरी. अनोळखी वासाचं पाणी बरेच घोडे तोंडाला लावत नाहीत, आणि तिथल्या सामायिक हौदात तोंड घालू देऊ नकोस, स्ट्रँगल्ससारखा घशाचा आजार अशाच हौदांतून आणि नाकाला नाक लावण्यातून एका पागेतून दुसऱ्या पागेत जातो. बादली तुझी स्वतःची ने, आणि मैत्रिणीने मागितली तरी देऊ नकोस, तिच्या घोड्यासाठी तिला दुसरी आणायला सांग.